आपणही सेवक संघच काढणार काय?



आपल्या बैठकांत अलीकडे एक ठराव पुन्हा पुन्हा होतो. पारधी वस्तीवर जाऊ, ठाकरवाडीत अभ्यासिका काढू, भिल्लांची पोरं वसतिगृहात घालू, आदिवासी तरुणांना नोकरीधंद्याला लावू. हात वर होतात. ठराव चांगलाच आहे, मीही हात वर करतो. पण तेव्हाच एक प्रश्न डोक्यात घोंगावत राहतो. तो बैठकीत विचारला की लोक म्हणतात, झालं, ह्याचं तत्त्वज्ञान सुरू झालं! म्हणून इथं लिहितो.

दुसऱ्या पिचलेल्या माणसाचा उद्धार करायचा अधिकार आपल्याला दिला कुणी? आपण स्वतः पिचलेले आहोत, एवढ्यावर तो मिळतो का?

१९३२ आठवा. पुणे करार झाला आणि अस्पृश्यांच्या सेवेसाठी एक संघ निघाला. तोच पुढं हरिजन सेवक संघ झाला. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, चिटणीस अमृतलाल ठक्कर, म्हणजे ठक्करबाप्पा. नोव्हेंबर १९३२ मध्ये गोलमेज परिषदेला जाताना बाबासाहेबांनी बोटीवरून ठक्करांना लांबलचक पत्र लिहिलं. त्याचा गाभा असा : एकेका माणसाला दारू सोड, शीक, नीट राहा असं शिकवून वर काढण्याचा उद्योग पुरेसा नाही. ज्या परिस्थितीनं त्याला खाली दाबलंय तिच्यावर घाव घाला. पाणवठे, शाळा, रस्ते यांवरचा हक्क मिळवा. नोकरीधंद्यात समान संधी मिळवा. आणि हे काम करायला अस्पृश्यांतलीच माणसं घ्या. संघानं काय केलं? गांधीजींचं म्हणणं होतं की पाप सवर्णांनी केलंय, प्रायश्चित्त सवर्णांनी करायचं, म्हणून कारभारही सवर्णांकडेच. म्हणजे जखम आमची, मलम त्यांचं, आणि मलमाच्या डबीची किल्लीही त्यांच्याकडेच!

आपण हे नव्वद वर्षं सांगत आलो. भाषणात सांगतो, टाळ्या घेतो. पण यात आदिवासींशी जोडलेला एक धागा आपण सोडून देतो. हेच ठक्करबाप्पा १९२२ साली दाहोदला भिल्ल सेवा मंडळ काढून बसले होते. माणूस वाईट नव्हता. इंजिनिअरची नोकरी सोडून आला होता, अंग मोडून काम करत होता. पण इथं चांगुलपणाची परीक्षा चाललेली नाही. भिल्लांनी 'बाप्पा, आता तुम्ही जा, आम्ही बघतो' असं म्हटलं असतं तर ते कुठल्या कागदाच्या आधारानं म्हटलं असतं, एवढंच मी विचारतो.

आता दुसरी गोष्ट. शिक्षण आणि रोजगार दिला की माणूस सुटला, असं आपण धरून चालतो. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढं मुंबई इलाख्यात त्याखाली वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरला होती, हुबळीला होती. तिथं शाळा होती. गिरण्यांत कामही मिळत होतं. आणि भोवती काटेरी तारेचं कुंपण होतं, रोजची हजेरी होती. शिक्षण आहे, रोजगार आहे, फक्त माणूस कैदी आहे! या वसाहतींचा बडा अधिकारी होता स्टार्ट. आणि १९२८ साली मुंबई सरकारनं अस्पृश्य आणि आदिवासी जमातींच्या स्थितीची चौकशी करायला समिती नेमली, तिचा अध्यक्षही हाच स्टार्ट. सभासदांत ठक्करबाप्पा होते आणि बाबासाहेबही होते. १९३० साली अहवाल आला. कुंपणवाला, सेवावाला आणि हक्कवाला, तिघे एका टेबलाभोवती. आदिवासींचं काम करण्याच्या या तीन रीती आजही आहेत. आपली रीत तिसरी, असं आपण समजतो. समजणं सोपं आहे.

कायदा १९५२ साली गेला, कुंपण तुटलं, माणसं 'विमुक्त' झाली. पण आपल्या नगर जिल्ह्यात (आता कागदोपत्री अहिल्यानगर) श्रीगोंदा, कर्जत, जामखेड या बाजूला चोरी कुठंही होवो, गाडी आधी पारधी वस्तीवर जाते, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. त्या वस्तीतलं पोरगं शाळेत जातं तेव्हा त्याच्या घरची बोली गुजरातीकडं झुकणारी, पुस्तकातली मराठी वेगळीच. ते गप्प बसतं. आपण म्हणतो, पोरगं मंद आहे. कसंबसं शिकलं की नोकरीसाठी दाखला लागतो, आणि दाखल्यासाठी १९५० च्या आधीचा पुरावा. ज्याच्या आजाला कुठल्याच गावानं टिकू दिलं नाही, त्याच्याकडं आजाच्या राहण्याचा कागद मागतात!

आता जरा अवघड बोलतो. मे १९४५ मध्ये मुंबईला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात बाबासाहेबांनी जातीय प्रश्नाच्या सोडवणुकीची योजना मांडली. तीतून आदिवासी जमाती त्यांनी बाजूला ठेवल्या. कारण दिलं की त्यांच्यात अजून राजकीय जाणीव तयार झालेली नाही. त्यांच्या प्रदेशासाठी वेगळं कायदेशीर कमिशन असावं, असं सुचवलं. पुढं घटनेत राखीव जागा आल्या, पाचवी अनुसूची आली, हे खरं. पण 'ते अजून तयार नाहीत' हे वाक्य त्या वेळच्या हिशेबापुरतंच राहायला हवं होतं. आपल्यातले काहीजण ते आजही ठाकरवाडीच्या तोंडावर फेकतात. हेच वाक्य आपल्या आज्याबद्दल बोललं गेलं होतं. मंदिराच्या पायरीवर बोललं गेलं, शाळेच्या दारात बोललं गेलं. बाबासाहेबांची भक्ती म्हणजे त्यांचं प्रत्येक वाक्य गोठवून ठेवणं नव्हे. त्यांनीच आपल्याला तसं शिकवलेलं नाही.

आणि जाणीव नव्हती म्हणता? अकोले तालुक्यातल्या देवगावचा राघोजी भांगरे सावकारांवर आणि इंग्रजांवर उठला, १८४८ साली ठाण्याला फासावर गेला. त्याच अकोल्यात १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं. पाणी डोंगरात अडलं आणि कालव्यानं खाली ऊसवाल्यांकडं गेलं. १९५० साली प्रवरेच्या याच पट्ट्यात लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि सहकाराचा आदर्श म्हणून जगभर मिरवला. लोकांनी लोकांसाठी चालवलेलं काम! पण कुठले लोक? डोंगरातला महादेव कोळी आणि ठाकर त्यात किती भागधारक होता? 'समाजानं चालवलेला उपक्रम' हा शब्द ऐकला की मी आधी विचारतो, समाज म्हणजे गावातलं कोण? एप्रिल २०२३ मध्ये किसान सभेच्या झेंड्याखाली अकोल्याहून लोणीकडं पायी मोर्चा निघाला. त्यात आदिवासी बाया होत्या, म्हातारे होते. जमिनीचं बोलत होते, कामाच्या दामाचं बोलत होते. पाणी ज्या दिशेला गेलं त्याच दिशेला माणसं चालली होती. मंत्र्यांना वाटेतच येऊन बोलावं लागलं. यापेक्षा राजकीय जाणीव आणखी कशी असते?

यावर एक प्रश्न येतो आणि तो खरा आहे. ते स्वतः उभे राहतील तोवर आपण हाताची घडी घालून बसायचं का? पोरगं आज उपाशी आहे, आज शाळेबाहेर आहे. तत्त्वाची वाट बघत त्याचं बालपण जाईल. बरोबर आहे. जोतीराव फुले १८४८ साली याच नगरला येऊन फरारबाईंची मुलींची शाळा बघून गेले. शाळा मिशनची होती. परक्याकडून घेतलं म्हणून जोतीराव परके झाले नाहीत. बाबासाहेबांनी सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेतली. मदत घेण्यात कमीपणा नाही, देण्यात पाप नाही. देणारा देऊन बाजूला होतो की छातीवर बसून राहतो, यात सगळं आहे.

बाजूला होणं म्हणजे काय, ते आपल्याच जिल्ह्यात बघायला मिळतं. १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर नवराबायको जामखेडला आले. दवाखाना काढला, पण डॉक्टरकी आपल्या मुठीत ठेवली नाही. गावानं निवडलेल्या बायांना ती शिकवली. त्यांत निरक्षर होत्या, दलित होत्या. ज्या बाईच्या हातचं पाणी चालत नव्हतं तिच्या हातात गावानं बाळंतीण दिली. कूपनलिका घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांचा आग्रह होता की ती दलित वस्तीत घ्या. पाणी हवंय? या आमच्या दारात! भाषण नाही, प्रायश्चित्त नाही. विद्या दिली, पाण्याची जागा बदलली, आणि गावाला चालत यावं लागलं. बाबासाहेबांनी बोटीवरून लिहिलेल्या पत्राचा अर्थ मला इथं लागतो.

दुसरं उदाहरण अकोल्यातल्या कोंभाळण्याचं. राहीबाई पोपेरे, महादेव कोळी बाई, शाळेची पायरी चढलेली नाही. घरात गावठी बियाणं राखत आली. बायफ ही संस्था तिथं पोचली, हात दिला, बियाण्याची बँक उभी राहिली. २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. पेपरांनी लिहिलं, अडाणी बाईचा गौरव. मी म्हणतो, अडाणी कोण? वालाची, भाताची जात ओळखणारी, की दुकानातली पिशवी फोडणारा पदवीधर? शास्त्रज्ञ तिच्या अंगणात शिकायला बसले. वस्तीवर जाताना आपण रिकामं मडकं भरायला निघाल्यासारखे जातो. मडकं रिकामं नसतं. आपल्याला आत बघता येत नाही.

मग काय, आदिवासींचं आदिवासींनी करावं, एवढं म्हटलं की संपलं? तेही नाही. अमरावती जिल्ह्यात मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकानं जिल्हा परिषदेची नोकरी सोडून २०१२ साली 'प्रश्नचिन्ह' नावाची शाळा काढली, भीक मागणारी पोरं गोळा केली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, याचा हा पुरावा. पण जात एक असली म्हणून हिशेब साफ असतो असं नाही. आपल्यातच बघा ना! वसतिगृह बाबासाहेबांच्या नावाचं, पोरांच्या ताटात पाण्यासारखी आमटी, आणि संचालकाच्या दारात नवी गाडी. असली माणसं आपल्याच रक्ताची आहेत. म्हणून जन्माचा दाखला पुरत नाही, तसाच सेवेचाही पुरत नाही.

माझी कसोटी साधी आहे. ज्यांच्यासाठी काम चाललंय त्यांना आपल्याला हाकलता येतं का? आश्रमशाळेत स्वयंपाकी आणि कामाठी आदिवासी, आणि चालक बाहेरचा, असं असेल तर तो रोजगार नव्हे, जुनीच वेठ आहे, फक्त पगाराची. अभ्यासिकेची किल्ली वस्तीतल्या बाईकडं आहे की आपल्या शाखाध्यक्षाकडं? हिशेबाची वही वस्तीच्या बैठकीत मोठ्यानं वाचली जाते का, तीही त्यांच्या बोलीत? शिकवणारा कोण असावा हे कोण ठरवतं? पेसा कायदा १९९६ चा, वनहक्काचा २००६ चा. अकोल्याच्या आदिवासी गावांत ग्रामसभेला या कायद्यांनी अधिकार दिलेत. ते वाचून दाखवणं, दावा भरायला बसणं, दाखल्यासाठी कचेरीत सोबत जाणं, पोलीस गाडी आली तर वस्तीच्या पुढं उभं राहणं, हे आपलं काम. अर्ज कसा लिहायचा हे आपल्याला मार खाऊन आलंय, ते द्यावं. सहीची जागा मात्र त्यांची.

कुणी म्हणेल, मग आपल्या संघटनेचं नाव कुठं राहणार? नाही राहणार. बोर्ड त्यांचा असेल. कदाचित त्यावर बाबासाहेबांचा फोटोही नसेल, राघोजीचा असेल. ते सोसेल का आपल्याला? मला वाटतं, आपल्या आंबेडकरवादाची खरी परीक्षा तिथं आहे. आपल्याला कुणी हरिजन म्हटलं तेव्हा आपण ते नाव थुंकून टाकलं. उद्या पारध्याचं पोरगं उठून म्हणालं, दादा, तुमचं आता काम नाही, तर त्या दिवशी कपाळाला आठी न पडता उठून यायची तयारी असेल त्यानंच हात वर करावा.

पुढच्या बैठकीत ठराव येईल तेव्हा त्यात एवढी ओळ घाला : वस्तीनं 'जा' म्हटलं की आम्ही जाऊ, आणि जाताना किल्ली, वही, शिल्लक तिथंच ठेवू. ही ओळ मंजूर होत नसेल तर ठराव फाडा.