सात वाजताची घंटा



काही महिन्यांपूर्वी एक मावशी पतीच्या महिन्याची मिस्सा लावायला माझ्या कार्यालयात आल्या. मिस्सेची वेळ वहीत लिहून झाली तरी त्या उठल्या नाहीत. पतीच्या शेवटच्या रात्रीविषयी बोलू लागल्या. इतक्यात टेबलावरचा माझा फोन उजळला. मी तो उचलला, संदेश वाचला आणि दोन ओळींचे उत्तरही दिले. मान वर केली तेव्हा मावशी पिशवी घेऊन उभ्या होत्या. "तुम्ही कामात आहात फादर, मी नंतर येते," एवढेच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्यांनी चहा दिला. पण त्या रात्रीची गोष्ट पुन्हा काढली नाही.

म्हणून आज मी फोनविषयी लिहितो आहे, ते केवळ मुलांना दटावण्यासाठी नव्हे.

या व्यसनावर सगळे जग उपाय शोधत आहे. पण प्रत्येक देशाचे कुलूप वेगळे आहे. चीनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून अठरा वर्षांखालील मुलांना ऑनलाइन खेळ फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सरकारी सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ खेळता येतो. तिथे किल्ली सरकारच्या हाती आहे. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये कायदा केला की, सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद. मुलांनी आईवडिलांच्या ओळख क्रमांकावर खेळण्याची वाट शोधली. अखेर २०२२ च्या आरंभी तो कायदा गेला आणि वेळ ठरवण्याचे काम पुन्हा घराकडे आले. अमेरिकेतील कंपन्यांनी २०१८ मध्ये फोनमध्येच घड्याळ बसवले. किती वेळ गेला ते फोन सांगतो, ठरलेली मर्यादा संपली की आठवणही करतो. पण ती मर्यादा स्वतःच घातलेली असेल, तर एक बटण दाबून ती ओलांडताही येते. तिथे किल्ली ज्याच्या त्याच्या हाती!

म्हणजे मुलाचा राखणदार कोण, याचे प्रत्येक समाजाचे उत्तर त्याच्या उपायात दिसते. कुठे शासन, कुठे ज्याचा तो. आपल्याकडचे उत्तर कोणते?

ते सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने दिले आहे. करोनाच्या काळात अभ्यासासाठी मुलांच्या हाती फोन आले, ते शाळा सुरू झाल्यावरही सुटेनात. ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने ठराव केला. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि घरोघरी टीव्ही व मोबाइल बंद होतात. साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत मुले अभ्यास करतात, मोठी माणसे वाचतात, बोलतात. हा विषय निघाला तेव्हा काही पुरुष हसले होते. स्त्रियांनी मात्र मालिकांचा नाद आपल्यालाही लागत चालल्याचे कबूल केले. मला वाटते, त्या गावाचा उपाय भोंग्यापासून नव्हे, त्या कबुलीपासून सुरू झाला. आयर्लंडमधील ग्रेस्टोन्स या गावीही २०२३ मध्ये आठ प्राथमिक शाळांच्या पालकांनी स्वखुशीने ठरवले की, माध्यमिक शाळेत जाईपर्यंत मुलांना स्मार्टफोन द्यायचा नाही. "सगळ्यांकडे आहे, मलाच नाही" ही मुलांची तक्रार त्यामुळे उरत नाही.

संत थॉमस अक्वायनस कायद्याविषयी लिहिताना सांगतात की, ज्यांची वृत्ती चांगली आहे अशा तरुणांना वडीलधाऱ्यांचे वळण पुरते. कायद्याचा धाक हा हट्टी माणसांसाठी असतो. वळण म्हणजे रोजचा सराव. संयम हा सद्गुण कुलपात मिळत नाही, तो सवयीने अंगी मुरतो. २०२५ मध्ये संतपदी गेलेल्या कार्लो अकुतिसला संगणक आणि व्हिडिओ गेम दोन्ही आवडत. खेळायला मात्र तो आठवड्यातून एकच तास देई, असे त्याची आई सांगते. तो तास त्याने स्वतः ठरवला होता.

बंधुभगिनींनो, थांबण्याचा उपाय देवाने फार पूर्वीच दिला आहे. शब्बाथाची आज्ञा आठवा. ती घरातल्या कर्त्या माणसाला उद्देशून आहे. मुलगा, मुलगी, चाकर, गुरेढोरे आणि परका पाहुणा यांची नावे त्याच्यानंतर येतात. आधी बापाने थांबायचे, मग घर थांबते. आणि प्रभू येशूने परूशांना बजावले की, हा नियम माणसाच्या भल्यासाठी आहे, माणसाला जखडण्यासाठी नाही.

आपल्याकडे भोंगा नाही, पण घंटा आहे. सात वाजता चर्चची घंटा झाली की आपल्या आजी हातातले काम ठेवून प्रार्थना म्हणत. मग रोझरी, आणि रोझरीनंतर धाकटे थोरांचा आशीर्वाद घेत. घंटा आजही वाजते. आपल्याला ती ऐकू येईनाशी झाली आहे.

माझी विनंती साधी आहे. येत्या सोमवारपासून सातची घंटा झाली की घरातले सगळे फोन एका टोपलीत घालून येशूच्या तसबिरीखाली ठेवा. पहिला फोन वडिलांचा असू द्या. रोझरी आणि जेवण होईपर्यंत तो तिथेच राहू द्या. ज्यांची मुले आखातात किंवा जहाजावर आहेत, ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, त्यांनी आपला फोन जरूर जवळ ठेवावा. दूरदेशीच्या लेकराचा आवाज हीदेखील प्रार्थनाच आहे. माझा फोन त्या वेळी सॅक्रिस्टीच्या खणात असेल. आजाऱ्याच्या अभ्यंगासाठी धर्मगुरुनिवासाच्या लँडलाइनवर कधीही फोन करा.

एक गोष्ट पालकांना कळकळीने सांगतो. मूल रात्रभर जागत असेल, शाळा बुडवत असेल, खेळासाठी घरातले पैसे घेत असेल, तर ते केवळ वाईट वळण समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या अशा व्यसनाची आजारांत नोंद केली आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून त्यासाठी वेगळे क्लिनिक आहे. मारझोड करू नका, लपवूही नका. डॉक्टरांकडे न्या, एकट्याने जायला जड वाटत असेल तर मला हाक मारा, मी सोबत येईन.

त्या मावशींकडे या आठवड्यात मी पुन्हा जाणार आहे, फोन घरी ठेवून. त्या बोलल्या तर ऐकेन; नाही बोलल्या तर नुसता बसेन.

प्रभू तुम्हा सर्वांच्या घरी शांती नांदवो.

तुमचा ख्रिस्तात,
प्रमुख धर्मगुरू