वाणीचं गोत कोणतं?

मृग बरसला की वऱ्हाडात सोयाबीनच्या कोवळ्या रोपांवर वाणी तुटून पडतात. मूर्तिजापूरच्या मामाजींनी बांधावरची एक काडीनं उलटवली. पोटाखाली जवळजवळ प्रत्येक वळ्याला पायांच्या दोन जोड्या. क्षणात तिनं अंगाची चकली केली.

"गोमीची बहीण ना हे?"

"चुलत. गोमीला वळ्यागणिक एकच जोडी."

"मंग नाकतोडाबी याच घरातला."

"पूर्वी तसंच मानत. शृंगिका, जबडा, श्वासनळ्या, सगळं जुळायचं. आता जनुकं सांगतात, नाकतोडा वाणीपेक्षा खेकड्याला जवळचा. श्वासनळ्या नाकतोडा नि वाणी यांनी जमिनीवर आल्यावर वेगवेगळ्या कमावल्या."

"जनुकं आजच्या जित्याईची. पन्नास कोटी वर्साआधीच्या बापाचं तोंड कोनं पाह्यलं?"

मी कॅनडातले बर्जेस शेलचे जीवाश्म पुढे केले. त्यातल्या अ‍ॅनोमॅलोकॅरिस या समुद्री प्राण्याचा नुसता पंजा मिळाला तेव्हा, १८९२ साली, तो कोळंबीचं धड समजला गेला. त्याच्या कुळातलं गोल तोंड १९११ साली जीवाश्मतज्ज्ञ वॉलकॉटनं जेलीफिश म्हणून नोंदवलं. पंजा नि तोंड एकाच देहाचे, हे व्हिटिंग्टन आणि ब्रिग्ज यांनी दाखवलं १९८५ साली.

"त्र्याण्णव वर्सं चुकले, आन् मले म्हन्तं विश्वास ठेव!"

"चूक दगडानंच दुरुस्त केली, मामाजी."

"दगड बोलत नाई, जोडनारा बोलते. एकानं दुसऱ्याले गिळलं असन आन् तसंच गाडल्या गेलं असन तं?"

"एकच नमुना असता तर मान्य. पण दोन पंजे पुढं, तोंड खाली, कडेला पोहायचे पडदे, अशी मांडणी पुन्हा पुन्हा सापडते. गिळण्याला एवढी शिस्त नसते."

"बरं, देह एक. पन नातं? हा वाणीचा आजा का चुलता?"

"चुलता. पंजाला सांधे आहेत, धडाला सांध्यांचे पाय नाहीत. म्हणून वाणी, नाकतोडा, खेकडा या सांधेपादांच्या वंशाच्या झाडावर तो बुडाशी फुटला."

"का पाय होते आन् मागून गळाले? सापाचे गळाले तसे?"

"सापाचं त्याच्या पायवाल्या नातेवाइकांवरून कळतं."

"आन् नातेवाईक कोन हे?"

"झाडावरून."

"झाड कशावून मांडलं?"

"...पायांवरून. पायांवरूनच असं नाही. डोळे, कवच, डोक्याचे खंड, सगळं धरून. ज्या झाडाला कमीत कमी बदल लागतात, ते आधी मानायचं."

"निसर्ग काटकसरी हाये हे कोनं सांगतलं? माह्या वावरात तं नाई."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. काटकसर हा आमचा नियम, निसर्गाचा नव्हे. पण तो सोडला तर कुठलंही नातं कुणाशीही लावता येतं. मामाजींना हे पटलं नाही. त्यांनी विचारलं, "आपल्याकडं काई सापडलं का?"

अकोला-अमरावतीच्या काळ्या मातीखालचा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, लाव्ह्याचा. त्यात कॅम्ब्रियन काळातलं, म्हणजे बर्जेस शेलच्या वयाचं, काही मिळणार नाही. सांधेपादांची जवळची जुनी नोंद वर्धा खोऱ्यातल्या मांगलीची. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी तिथले बारीक शिंपलेधारी जीव जमवले. १८६२ साली रूपर्ट जोन्स यांनी त्यांना इस्थेरिया मांगलिएन्सिस म्हटलं. ते सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचे, खेकड्याच्या गोतातले. म्हणजे नाकतोड्याला जवळचे, वाणीला दूरचे.