चिऱ्याची भिंत

देवा, आज तुझ्या घरी आले होते. जुन्या गोव्यात, से कॅथेड्रलमध्ये. सवयीनं चपला दाराशी काढल्या आणि गार फरशीवर उभी राहिले. आमच्या घरी तुला ज्या नावानं हाक मारतात ते तिथे कुणी घेत नाही. तरी मी ‘देवा’ म्हटलं आणि तू होतास.

वर पाहिलं. अर्धगोल वळलेलं पांढरं छत, आणि खाली मी, एवढीशी. पण दडपल्यासारखं झालं नाही रे. कुणी डोक्यावर हात ठेवावा तसं वाटलं.

ही उंची मला दे.

माझ्या डिझाइनचा विषय तुला ठाऊक आहे. तालुक्याच्या रुग्णालयात पेशंटच्या नातेवाइकांसाठी बसायची जागा. आईच्या ऑपरेशनच्या दिवशी आबा जिन्याच्या पायरीवर बसून होते. मांडीवर रिपोर्टांची पिशवी. कुणी आलं की उठायचे, अंग चोरून भिंतीला लागायचे. त्या पायरीसाठी मी हा विषय मागून घेतला, आणि मग दूरदेशीच्या चर्चचे फोटो समोर ठेवून टोकदार कमानी नि रंगीत काचा गिरवत बसले. आबा माझ्या शीटवरून कधी पुसले गेले, कळलंच नाही. क्षमा कर.

आणखी एक आहे, तुझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही. वडील काय करतात विचारलं की कॉलेजात मी ‘बांधकामात आहेत’ म्हणते. आबा चिरेखाणीत चिरे उचलतात, हे तोंडातून निघत नाही. त्या चिऱ्यांवर माझी फी भरली जाते, तरी निघत नाही. आज बाहेरच्या भिंतीला एके ठिकाणी चुन्याचा गिलावा सुटलेला दिसला. बोट लावलं, लाल झालं. जांभा! १५६२ साली सुरू झालेलं, मुख्य इमारत व्हायलाच १६१९ उजाडलेलं ते सगळं वैभव चुन्याआड आबांच्या दगडावर उभं आहे. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीवर असते तीच ही धूळ. मला रडू फुटलं, ते तू पाहिलंस.

दाखवलंस, देवा. तुझे उपकार.

जाताना मागे वळून पाहिलं. दर्शनी बाजूला एकच मनोरा. दुसरा १७७६ मध्ये कोसळला, तो कुणी पुन्हा बांधला नाही. उरलेल्यात घंटा आहे, नादासाठी तिला सोन्याची घंटा म्हणतात. मला त्या एकट्या मनोऱ्यानं फार धीर दिला. माझ्याही कामात काही अर्धं राहील. राहू दे. खोटं मात्र राहू देऊ नकोस.

रुग्णालयातल्या माझ्या जागेत बसणाऱ्याला सावली दे. वारा दे. पाठ टेकायला भिंत दे. कुणी आलं म्हणून त्याला उठावं लागू नये, एवढी ऐसपैस जागा माझ्या हातून घडवून घे.

सोमवारी ज्युरी आहे. भिंतीपुढे ‘जांभा’ लिहिताना माझा हात अडू देऊ नकोस, आणि हा दगड कुठून सुचला असं विचारलं तर आबांचं नाव घ्यायला जीभ दे.

रात्र बरीच झाली आहे. एवढ्या उंचीला चिऱ्याची भिंत किती जाड लागेल, आबांना विचारायचं आहे. फोन लावतेय. देवा, ते जागे असू देत.