रापी उचलण्याआधी

आज सकाळी म्हशीचं कमावलेलं कातडं टेबलावर उलगडलं आणि तासभर नुसतं पाहत बसलो. मुलासाठी कमरेचा पट्टा करायचा आहे. रापी हाताशी होती, पोलादी पट्टी होती, पण पहिली रेघ कुठून मारायची ते ठरत नव्हतं. असा वेळ गेला तर आता मला हळहळ वाटत नाही. सात-आठ वर्षं सुट्टीच्या दिवशी चामड्याचं काम केल्यावर एक गोष्ट पक्की झाली आहे. या कामातलं खरं काम कापण्याआधी होतं. ते राहिलं, तर कापल्यावर फक्त निस्तरणं उरतं.

कापड ठाणभर सारखं असतं, कातडं तसं नसतं. कण्यालगतचा भाग घट्ट आणि पोटाकडचा सैल, ताणला की लांबणारा. पट्टा पोटाकडून काढला की थोड्याच दिवसांत तो लांबतो आणि वाकडा होतो. म्हणून पट्टा नेहमी पाठीतून, कण्याला समांतर काढायचा. जाडी तीन ते साडेतीन मिलिमीटर. पाकिटाला मात्र एक-सव्वा मिलिमीटर पुरते, कारण घडीवर घडी आली की जाड कातड्याचं पाकीट खिशात विटेसारखं लागतं. पोटाकडचा भाग टाकून द्यायचा नाही. किल्ल्यांच्या पट्ट्या आणि शिवणीचा सराव त्यावरच करावा. कातडं वरचं अंग आत येईल असं बोटांनी वाकवून पाहावं. सुरकुत्या बारीक पडल्या तर कातडं भरीव आहे. मोठ्या, फुगल्यासारख्या पडल्या, तर तिथे पट्ट्याचा भार टाकू नये.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न, ते कमावलंय कशानं? बाजारातलं बहुतेक चामडं क्रोमचं असतं. ते मऊ असतं आणि झटपट तयार होतं. पिशवीला, जाकिटाला ते उत्तम, पण त्यावर नक्षी धरत नाही आणि कितीही घासली तरी त्याची कड गुळगुळीत होत नाही. नवशिके हेच आणतात आणि मग आपल्या हाताला दोष देतात. छंदाची सुरुवात करणाऱ्यानं झाडसालीत कमावलेलं कातडं मागून घ्यावं. आपल्याकडे ते बाभळीची साल आणि हिरडा वापरून करतात. कोल्हापुरी चपलेचं कातडं याच जातीचं. रंग किंवा पॉलिश न चढवलेल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकला की ते पाणी पितं आणि तेवढी जागा गडद होते. ओलं असताना द्याल तो आकार घेतं आणि वाळल्यावर तो सोडत नाही.

मात्र ओल्या कातड्यावर लोखंड ठेवायचं नाही. सालीतला तुरट अंश आणि लोखंड एकत्र आले की काळा डाग पडतो आणि तो जात नाही. पूर्वी हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचाच क्षार, एकत्र करून पोथ्यांची शाई करत, तीच ही किमया. माझ्या पहिल्या पाकिटावर ओली पट्टी विसरल्याची काळी रेघ अजून आहे. ते पाकीट मी रोज वापरतो.

हे सगळं मला पुस्तकातून कळलं नाही. कोल्हापुरात आमच्या बसथांब्याजवळ चप्पल-बूट शिवणारे एक मामा बसतात. पहिल्या वर्षी मी त्यांच्याकडे एक तुकडा घेऊन गेलो होतो आणि त्यांच्यासमोरच सरळ कापायला निघालो. त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "सर, आदी कागद कापा. कातड्याला खोडरबर नसतंय."

त्या दिवसापासून आमच्या घरातली एकही लग्नपत्रिका रद्दीत गेलेली नाही. तो जाड कागद नमुन्याला अगदी योग्य असतो. पाकिटाचा नमुना आधी पत्रिकेतून कापायचा, चिकटपट्टीनं जोडायचा, त्यात खरी नोट आणि खरं कार्ड घालून पाहायचं. नोट अडकली तर कागद बदलतो. कातड्यातून चूक काढायची तर अख्खा भाग नव्यानं कापावा लागतो. भोकांचंही तसंच. कापडावरचा टाका उसवला तर सुईचं भोक बहुधा भरून येतं, कातड्यात आरी एकदा गेली की ती जागा कायमची. म्हणून टाक्यांची रेघ आधी कडेपासून तीन-चार मिलिमीटरवर हलक्या हातानं आखायची, त्याच कातड्याच्या तुकड्यावर चार भोकं पाडून पाहायची आणि मगच मूळ कामाला हात लावायचा.

धारेविषयी थोडं सांगायलाच हवं, कारण बोटं तिथेच कापतात. बोथट रापी धोक्याची, कारण तिच्यावर जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला हात घसरतो. दगडावर धार लावली की चामड्याच्या तुकड्यावर धातूचं पॉलिश चोळून त्यावर पातं पालथ्या दिशेनं, म्हणजे पाठ पुढे आणि धार मागे ठेवून, वीसेक वेळा ओढावं. कामाच्या मध्येही ते करावं. एका झटक्यात कापू नये. पहिल्या वेळी नुसती वाट पाडावी आणि तिसऱ्या वेळी आरपार जावं. पट्टीवरचा हात रापीच्या वाटेत कधी नसावा.

शिवण हा या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग. एकच दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया जातात, एक इकडून, एक तिकडून. शिवणीच्या लांबीच्या साधारण चौपट दोरा घ्यावा आणि मेणावरून दोन-तीनदा ओढावा. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की शिवण उसवत जाते. हाताच्या या शिवणीत एक टाका झिजून तुटला, तरी त्याच भोकातून गेलेला दुसरा दोरा शिवण धरून ठेवतो. शेवटी दोन टाके मागे घ्यायचे, गाठ लागत नाही. अस्सल कोल्हापुरी चपलेला तर दोराही नसतो आणि खिळाही नसतो. कातडं कातड्याच्याच वादीनं शिवलेलं असतं. मामांच्या हातात ती वादी ज्या वेगानं जाते, तो वेग मला या जन्मी येणार नाही. पन्नास वर्षांचा हात आहे तो.

इथे मला थांबावंसं वाटतं. मी या कामाला छंद म्हणतो, कारण ते मी आपणहून निवडलं. गांधीजींनीही ते असंच निवडलं होतं. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळच्या टॉलस्टॉय फार्मवर गांधीजी 1910 नंतर चपला शिवायला शिकले. त्यांचे मित्र हर्मन कॅलनबाख मारियनहिलच्या ट्रॅपिस्ट मठातून ती कला शिकून आले होते आणि त्यांनी ती गांधीजींना शिकवली. पुढे तुरुंगात शिवलेल्या चपलांचा एक जोड गांधीजींनी 1914 मध्ये तिथल्या सरकारातले मंत्री जनरल स्मट्स यांना भेट दिला. स्मट्स यांनी तो बरीच वर्षं वापरला आणि 1939 मध्ये गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्तानं परत पाठवला. ही भेट एवढी लक्षात राहिली, कारण एका बॅरिस्टरनं ती स्वतःच्या हातानं शिवली होती. मामांच्या आजोबांनी हजारो जोड शिवले, त्यांची नोंद कुठेही नाही. ते काम त्यांनी निवडलं नव्हतं, जन्मानं त्यांच्या वाट्याला आलं होतं. माझ्या आजोबांच्या घरात चामड्याला हात लागला तर अंघोळ करत. आणि विहिरीवरची मोट, पाण्याची पखाल, देवळातल्या मृदंगाची पुडी, सगळं मामांच्या आजोबांसारख्यांच्याच हातांनी केलेलं. ज्यांच्या ज्ञानावर गाव उभं होतं, त्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं. आज मी आवडीनं आरी हातात घेतो, तेव्हा हे विसरून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

पुन्हा कामाकडे वळतो. पावसाळ्यातही कातड्याकडे पाहावं लागतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं की त्याला बुरशी येते. सुती कापडात गुंडाळून वारा लागेल अशा जागी ठेवावं. भिजलं तर सावलीत वाळवावं, उन्हात किंवा शेगडीजवळ नाही, कारण तिथे ते कडक होऊन तडकतं. तेल अगदी थोडं, कापडाच्या बोळ्यानं लावावं.

पट्ट्याचं माप अजून घ्यायचं आहे. पँटच्या कमरेचा आकडा इथे उपयोगाचा नाही. रोजच्या वापरातला पट्टा घ्यायचा आणि बकलाच्या टोकापासून ज्या भोकात तो खरोखर अडकतो तिथपर्यंत मोजायचं. ते भोक नव्या पट्ट्यात मधलं ठेवायचं आणि दोन्ही बाजूंना एकेका इंचावर दोन-दोन पाडायची. मुलगा तोच पट्टा घालून कामाला गेलाय, तेव्हा आज काही कापणं होत नाही. कातडं पुन्हा गुंडाळून ठेवलं.

तुम्हाला हे शिकायचं असेल, तर हत्यारांचा संच मागवण्याआधी आपल्या चौकातल्या चर्मकाराकडे एक दुपार बसा. विचारून बसा. त्यांचा वेळ गेला त्याचे पैसे द्या, आणि ते सांगतील त्या आकड्यावर घासाघीस करू नका.