*पावती गेली, आणि दान?*



या वेळी एक कबुली द्यायची आहे. आमच्या घरची जीप १३ वर्षांची झाली. केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेला, लग्नकार्याला, आदिलाबादच्या दवाखान्याला तिनंच नेलं-आणलं. नवी गाडी घेतली तेव्हा घरात ठरलं, जुनी दान करून टाकू. गुड्यांवर आरोग्याचं काम करणारी एक संस्था आहे, तिला ८०जीची मान्यता आहे. पुण्यही लागेल आणि करही वाचेल! अमेरिकेतला भाचा फोनवर म्हणाला, तिकडे लोक सर्रास असंच करतात.

मग करसल्लागारांकडे गेलो. ते म्हणाले, "आपल्याकडे ८०जीची सवलत पैशाच्या दानाला आहे, वस्तूच्या नाही. गाडी, धान्य, कपडे दिले तर सवलत शून्य. रोख रक्कमही २००० रुपयांच्या वर चालत नाही. आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर ही सवलत नाहीच." आमची नवीच निघाली.

गपचूप घरी आलो. खरं सांगतो, दोन दिवस त्या दानाचा विषय कुणी काढलाच नाही. *पावती गेली आणि उमाळाही गेला.* मग तो उमाळा नेमका कशाचा होता?

एका परिचितानं वाट दाखवली. "जुन्या प्रणालीत जा, गाडी द्या आणि २ लाख रुपये दिल्याची पावती घ्या. कुणाचं काय जातं?" मोह झाला, नाही म्हणत नाही. पण हिशोब मांडून बघितला. त्यातली काही रक्कम उत्पन्नातून वजा होते. तेवढ्यावरच्या कराचे पैसे वाचतात. ते येतात कुठून? सरकारी तिजोरीतून. त्याच तिजोरीतून १०८ ची गाडी गुड्यापर्यंत येते. म्हणजे आजाऱ्यासाठी दान दिल्याचं दाखवून आजाऱ्याच्याच वाट्याचं काढून घ्यायचं!

सवलत घेणं हे काही पाप नाही. कायद्यानं दिली आहे, खरी असेल तर खुशाल घ्यावी. गीतेच्या सतराव्या अध्यायात मात्र परतफेडीवर डोळा ठेवून दिलेल्या दानाला राजस म्हटलंय. सवलत दानाच्या मागून आली तर ठीक, दानाच्या पुढे चालायला लागली की तो व्यवहार झाला.

याहून मोठा प्रश्न कठोपनिषदातल्या नचिकेतानं आपल्याला घालून ठेवलाय. वडील यज्ञात गाई दान देत होते. पण त्या कशा? दूध आटलेल्या, चारापाणी संपलेल्या. त्या पोराला राहवलं नाही. असल्या दानानं कोणता लोक मिळणार? आमची जीपही तसलीच. ब्रेक कच्चे, टायर गुळगुळीत. पावसाळ्यात, रात्री, घाटातून आपल्या बाळंतपणाच्या सुनेला आपण हिच्यात बसवू का? नाही. मग कोलामाच्या सुनेला का बसवायचं?

नागोबाच्या पूजेसाठी मेस्राम मंडळी दरवर्षी पायी जाऊन गोदावरीचं पाणी आणतात. घरच्या रांजणात पाणी असतं, पण देवाला ते चालत नाही. महाराज सांगतात, समोरचा माणूस देवच समजा. मग त्याला शिळं का?

शेवटी जे आधी करायचं ते केलं. संस्थेला विचारलं, तुम्हाला काय हवंय? ते म्हणाले, "गाडी आहे हो, डिझेलला आणि ड्रायव्हरच्या पगाराला पैसे नाहीत."

जीप विकली. घेणाऱ्याला ब्रेकचं स्पष्ट सांगितलं, त्यामुळे थोडी कमी आली, ९० हजार. फॉर्म २९ आणि ३० भरून आरसीवरचं नाव बदललं. आरसीवर नाव राहिलं तर उद्याच्या अपघाताची भरपाई आपल्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट केलंय. सगळे पैसे बँकेतून संस्थेला दिले. कर एक रुपयाही वाचला नाही.

साधकहो, ते दोन दिवस आम्ही विसरणार नाही. तुमच्याही घरात काहीतरी द्यायचं म्हणून कोपऱ्यात पडलं असेल. देण्याआधी दोनच प्रश्न विचारा:

🌿 *हे आपण स्वतः वापरू का?*
🌿 *घेणाऱ्याला विचारलं का?*

उत्तर आलं की मग द्या. पावतीचं नंतर बघू.

जय गुरुदेव 🙏