उपदेशकाचे घर

शास्त्रपाठ : १ तीमथ्य ३:१–७, १ शमुवेल २:१२–३६



इफिस येथील मंडळीत पुढारी नेमावयाचे होते, तेव्हा पौलाने तीमथ्यास त्यांची कसोटी लिहून पाठविली. त्या कसोटीत विद्वत्तेचा उल्लेख नाही, गोड गळ्याचा नाही, मोठमोठ्या सभांत बोलण्याच्या शक्तीचाही नाही. शिकविण्याची हातोटी असावी, एवढेच एक वाक्य त्या बाजूचे आहे. बाकीच्या बहुतेक गोष्टी घरातल्या व शेजारातल्या आहेत : तो मद्यपी नसावा, मारकुटा नसावा, पैशाचा लोभी नसावा, पाहुण्याला दारातून परत पाठविणारा नसावा, आणि त्याचे आपले घर त्याला नीट चालविता येत असावे. ज्याला आपले घर चालविता येत नाही त्याच्या हाती देवाची मंडळी कशी द्यावी, असा पौलाचा रोकडा प्रश्न आहे.

येथे मूळ ग्रीक भाषेतील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. घराविषयी बोलताना पौल 'पुढे राहून चालविणे' अशा अर्थाचा शब्द घालतो. परंतु मंडळीकडे वळताच तो शब्द बदलून 'काळजी वाहणे' अशा अर्थाचा दुसरा शब्द योजितो. हाच शब्द लूकच्या दहाव्या अध्यायात, चांगल्या शोमरोन्याने वाटेवरच्या जखमी मनुष्याला उतारशाळेत नेऊन त्याची शुश्रूषा केली, तेथे आला आहे. म्हणजे ज्या कारभाराविषयी प्रेषित बोलतो तो हुकमाचा कारभार नव्हे. तेल ओतणे, पट्टी बांधणे, रात्री जागणे, आणि जाताना खर्चाचे पैसे मागे ठेवून जाणे, या प्रकारचा तो कारभार आहे. आपल्या बायकोवर ओरडून तिला गप्प बसविणारा मनुष्य 'माझे घर माझ्या आज्ञेत आहे' असे म्हणेल. पौल त्याला तसे म्हणू देणार नाही.

आपल्या खेड्यांतील उपदेशकाचे घर कोणापासून लपलेले नसते. नागपूर प्रांतातल्या कवेलूंच्या घरात भिंत मातीची, दार उघडे, आणि अंगणाला कुंपण असले तर काट्यांचे. विहिरीवर त्याची बायको काय बोलते, सावकाराकडे त्याचे खाते किती आहे, रात्री त्याच्या घरात आवाज चढला की नाही, हे सर्व गावाला आदितवारच्या उपदेशापूर्वीच ठाऊक झालेले असते. शहरच्या पाळकाला एक वेळ घर झाकता येईल, आपल्याला येत नाही. ही अडचण नसून कृपा आहे असे मी समजतो, जरी सर्वच उपदेशक बंधू त्याला मान देतील असे वाटत नाही.

आता एलीकडे या. शिलो येथे चाळीस वर्षे तो इस्राएलाचा न्याय करीत होता. मनुष्य दुष्ट नव्हता. हन्नेचे दुःख त्याला प्रथम उमगले नाही, तरी उमगताच त्याने तिला आशीर्वाद दिला. लहान शमुवेलास त्याने देवाची वाणी ओळखावयास शिकविले. परंतु त्याचे पुत्र हफनी व फिनहास अर्पणाच्या मांसात त्रिशूळ खुपसून हवे ते उचलीत, आणि निवासमंडपाच्या दाराशी सेवेला येणाऱ्या स्त्रियांशी कुकर्म करीत. हे एलीच्या कानी आले, तेव्हा त्याने त्यांना चार शब्द सांगितले. सांगितले व थांबला. देवाचा आरोप असा नाही की एली बोलला नाही. आरोप असा आहे की त्याने त्यांना आवरले नाही. याजकपद त्यांच्या हातून काढून घेणे त्याच्या अधिकारात होते, आणि ते त्याने केले नाही.

दुसऱ्या अध्यायाच्या एकोणतिसाव्या वचनात आणखी एक कठीण गोष्ट आहे, ती पुष्कळदा वाचताना निसटते. देवाचा मनुष्य एलीला म्हणतो की तू आपल्या पुत्रांना माझ्याहून अधिक मान दिलास, आणि उत्तम उत्तम अर्पणांवर तुम्ही सर्व पुष्ट झालात. 'तुम्ही' या शब्दात बापही आला. लढाईची बातमी ऐकून एली आसनावरून मागे पडला तेव्हा तो म्हातारा व अंगाने जड होता, असे चौथ्या अध्यायात लिहिले आहे. तो भार कशाने चढला होता हे शास्त्र सांगत नाही; परंतु चोरीचे मांस ज्या ताटात वाढले गेले ते ताट म्हाताऱ्याने दूर सारल्याचे कोठेही लिहिलेले नाही. मंडळीच्या पैशाचा हिशेब न लागता मुलाच्या अंगावर नवा सदरा आला, आणि बापाने विचारले नाही. धान्याच्या फंडातील पायली सोयऱ्याच्या घरी गेली, आणि वडिलांनी पाठ फिरविली. तेथे एलीचे आसन मांडलेले आहे.

त्या घरात खरे दुःख जिने केले ती सून होती. नवरा कुकर्मी, सासरा दुबळा. आणि तिला तर प्रसूतीच्या वेणा येत होत्या. सासरा व नवरा मेल्याचे तिने ऐकले. तरी तिच्या तोंडी शेवटचा शोक देवाच्या कोशाचा होता, आणि गौरव निघून गेले अशा अर्थाचे ईखाबोद हे नाव मुलाला ठेवून ती मेली. तिचे स्वतःचे नावही आपल्याला ठाऊक नाही. पुढाऱ्याच्या घरातील पापाचा पैसा प्रथम कोण भरतो, तर बहुधा अशी एखादी स्त्री, जिचे नाव मंडळीच्या कोणत्याही वहीत पुढारी म्हणून लिहिलेले नसते.

शमुवेलाचे काय झाले, हे तर उपदेशकाने आणखी सावकाश वाचावे. एलीच्या घराचा न्याय त्याच्याही कानी पडला होता, तोही बाळपणी. तो विसरण्याजोगा नव्हता. तथापि आठव्या अध्यायात त्याचे पुत्र योएल व अबीया बैर-शेबा येथे लाच घेऊन न्याय फिरविताना आढळतात. शमुवेल प्रामाणिक होता. सर्व इस्राएलाने त्याची साक्ष दिली. मग चूक कोठे झाली? शास्त्र स्पष्ट दोष देत नाही, म्हणून मीही देत नाही. परंतु सातव्या अध्यायाच्या शेवटी लिहिले आहे की तो दरसाल बेथेल, गिलगाल व मिस्पा या गावी फेरी करीत असे, आणि त्याचे घर रामा येथे होते. ज्यांना महिन्यातून वीस दिवस फेरीवर राहावे लागते त्यांनी हे वचन आपल्या पिशवीत ठेवावे. बेथेलात बोललेला शब्द रामातल्या पोरांच्या कानी आपोआप जात नाही. पराव्याच्या मुलाला प्रश्नोत्तरावली पाठ करविणारा उपदेशक घरी आला की दमलेला असतो, आणि मुलांना त्याचा उरलेला सूर मिळतो. बाप दारात आला की मुले हसायची थांबतात काय, एवढे एक लक्षण घरोघर पाहून घ्यावे.

कौटुंबिक प्रार्थनेविषयी एक शब्द, कारण तिचाही आपण छळ करून ठेवला आहे. काहीजण ती इतकी लांबवितात की धाकटी पोरे भिंतीला टेकून निजतात, चुलीवरची भाकरी करपते, आणि मग करपलेल्या भाकरीवरून प्रार्थना करणारा तोच गृहस्थ बायकोवर रागावतो. एक स्तोत्र, एक वचन, आणि त्या दिवशी घरात ज्याचे मन दुखावले त्याची क्षमा मागणे, इतके पुरे. क्षमा बापाने मागावी लागली तर बापाने मागावी. मुलांना पश्चात्ताप म्हणजे काय, हे दहा उपदेशांनी कळत नाही ते अशा एका संध्याकाळी कळते.

घराबाहेरच्या ऐक्याचेही असेच आहे. १९७० साली २९ नोव्हेंबरला आपल्या नागपुरात सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र होऊन उत्तर भारताची एक मंडळी स्थापन झाली. ज्यांचे बाप्तिस्म्याविषयी व अध्यक्षाच्या पदाविषयी पिढ्यानुपिढ्या मतभेद होते ते एका मेजाशी बसले. आणि एखाद्या गावी कमिटीच्या निवडणुकीवरून दोन सख्खे भाऊ बोलत नाहीत, त्यांच्या बायका एका विहिरीवर पाठीला पाठ लावून उभ्या राहतात! प्रभुभोजनाच्या दिवशी त्या दोघींच्या हाती एकच भाकर द्यावयाची असते, याचा पुढाऱ्यांना विसर पडू नये.

येथवर वाचून एखादा भाऊ अगर बहीण खिन्न होईल, हे मी जाणतो. 'माझी बायको अद्याप विश्वासात आली नाही', 'माझा नवरा उपासनेला येत नाही', 'माझा मुलगा दारू पितो. मग मी सेवेला अपात्र झालो काय?' या प्रश्नाचे उत्तर घाईने देऊ नये. परंतु हे पाहा की ज्या तीमथ्याला पौलाने ही कसोटी लिहिली त्याचे घर कसे होते. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात त्याची आई विश्वास ठेवणारी यहूदी स्त्री, आणि बाप हेल्लेणी, असे आहे. आजी लोईस व आई युनीके यांचा विश्वास पौलाने नावानिशी आठविला. बापाच्या विश्वासाविषयी तो काही बोलत नाही. घरचा कर्ता पुरुष विश्वासात असल्याचे जेथे कोठे लिहिलेले नाही, अशा घरातून देवाने इफिसाचा पुढारी काढला. तेव्हा घर चालविणे म्हणजे घरातील प्रत्येकाला धरून पाण्यात उतरविणे नव्हे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल स्पष्ट सांगतो की विश्वास न ठेवणारी पत्नी राहावयास राजी असेल तर भावाने तिला सोडू नये.

याचे एक उदाहरण आपल्याच भाषेत आहे, आणि त्याचा आरंभ नागपुराहून निघालेल्या आगगाडीत झाला. नारायण वामन टिळक १८९१ पासून नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करीत होते. १८९३ साली राजनांदगावास जाताना डब्यातील एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. पत्नी लक्ष्मीबाई त्या वेळी जवळ नव्हत्या. ज्या घरात त्या वाढल्या होत्या त्यात सोवळ्याओवळ्याचा कडक आचार होता. त्यांच्यावर तर आकाशच कोसळले. नातलगांच्या आश्रयाने, काही काळ पंढरपुरासही, त्यांनी पुढची वर्षे काढली.

आता लक्ष द्या. १८६६ च्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्या मनुष्याला अशा प्रसंगी वाट करून दिली होती. धर्मांतरामुळे पत्नी सहा महिने नांदावयास आली नाही, तर न्यायालयात अर्ज करून विवाहाचे बंधन तोडून घेता येत असे. टिळक तरुण होते, कवी म्हणून नावाजलेले होते, आणि मंडळीत त्यांना कोणी दोष दिला नसता. त्यांनी ती वाट धरली नाही. पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. लक्ष्मीबाई नगरास त्यांच्याकडे आल्या त्याही ख्रिस्ती होऊन आल्या नाहीत. त्यांचे सोवळे, त्यांचे पाणी, त्यांचा स्वयंपाक सर्व वेगळे, आणि टिळकांनी ते वेगळे राहू दिले. ज्याला शेकडो लोकांपुढे ख्रिस्ताची सुवार्ता सांगावयाची होती त्याच्या घरात दोन चुली होत्या! त्याला लाज वाटली नसेल काय? उपदेशकाच्या मानापेक्षा त्याने पत्नीच्या मनाला अधिक जपले, आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनी आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतला.

टिळक निर्दोष होते असे मात्र कोणी समजू नये. त्यांचा शीघ्र कोप, हाती आलेला पैसा घरचा विचार न करता देऊन टाकण्याची खोड, मनात येताच निघून जाणे, हे सर्व लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात हसत हसत पण काही न झाकता लिहिले आहे. त्याचा पहिला भाग १९३४ साली छापून निघाला. आपल्या बायकांनी आपल्याविषयी असे पुस्तक लिहिले तर त्यात काय येईल, हा विचार मनात आणून मला तरी एक रात्र झोप लागली नाही. टिळकांच्या बाजूला इतके आहे की ज्या स्त्रीला बाळपणी शाळा मिळाली नव्हती तिला त्यांनी वाचावयास शिकविले. म्हणजे आपल्याविरुद्ध साक्ष देण्याची लेखणी त्यांनीच तिच्या हाती दिली.

९ मे १९१९ रोजी टिळक वारले, तेव्हा प्रभूच्या चरित्रावरील त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभीच्या काही अध्यायांवरच थांबले होते. ते पुढे कोणी न्यावे असा प्रश्न होता. जिने एके काळी नवऱ्याच्या हातचे पाणी घेतले नव्हते तिने ते हाती घेतले, आणि आज त्या ग्रंथाचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंचे आहेत.