दत्तगुरूंच्या पायाशी बसणाऱ्याचं ताट

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की आमच्या पेणच्या घरातली दत्ताची तसबीर पुसून, हार घालून चौरंगावर येते. तीन मुखं, मागे गाय, पायाशी चार कुत्रे. गाय म्हणजे पृथ्वी आणि कुत्रे म्हणजे चार वेद, असं आपण सगळेच ऐकत आलो. यंदा त्या कुत्र्यांकडे बघताना मनात एक प्रश्न आला, तो आपल्यापुढे ठेवतो.

माझी धाकटी बहीण रोह्याला असते. घर कडक शाकाहारी, गुरुवारचा उपास कधी चुकत नाही. ऐन पावसात एक पिल्लू अंगणात आलं, ते राहिलंच. नाव ठेवलं मोत्या. त्याला रोज तांदळाची भाकरी आणि दूध, आरती झाली की शिऱ्याचा प्रसाद. काही महिन्यांत केस झडू लागले, अंग खंगलं, पोट सारखं बिघडायचं. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं नि म्हणाले, "पोट भरतंय, पण अंगाला काही लागत नाही. याला अंडं द्या."

मेहुणे म्हणाले, "या घरात अंडं येणार नाही. दत्ताच्या दारातलं कुत्रं, त्याला ते कसं घालू?" बहिणीचा मला फोन. "दादा, तूच सांग, पाप कशात आहे?"

थोडा हिशेब पाहा. कुत्रा लांडग्याच्या कुळातला, पण हजारो वर्षं माणसाजवळ राहून भाकरी-भात पचवायला शिकला. पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोन, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत असतात, हे २०१३ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. म्हणजे भाकरी त्याला वावडी नाही. पण नुसती भाकरी पुरतही नाही. अमेरिकेतल्या प्रमाणानुसार, पाणी वगळून उरलेल्या खाद्यात मोठ्या कुत्र्याला किमान १८ टक्के आणि वाढत्या पिल्लाला २२.५ टक्के प्रथिनं लागतात. तांदळाच्या पिठात ती जेमतेम सात-आठ टक्के. दूध तर पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना पचतच नाही. आणि शिऱ्यातले बेदाणे? त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कांदा-लसूणही त्याच्या रक्ताला बाधतो. आपण प्रेमानं देतो, पण घेणाऱ्याचं काय होतं ते बघत नाही.

आता उलट टोक. प्रोटीन हा शब्द कानावर पडला की काहीजण बाजारातली खारवलेली सुकी मासळी नाहीतर महागडी पाकिटं कुत्र्यापुढे ओततात. मूत्रपिंड आधीच बिघडलेलं असेल तर डॉक्टर प्रथिनं कमी करायला सांगतात. पण केवळ म्हातारा झाला म्हणून धडधाकट कुत्र्याचं ताट कमी करू नये. सगळं मात्रेवर आहे.

शेजारीण म्हणाली, "ताई, तुम्ही कशाला विटाळ करून घेता? मी माझ्याकडे घालते की अंडं." सोय चांगली होती. पण मला ती टोचली. अंडं घालण्याचं पाप तिच्या माथी आणि कुत्रं पाळल्याचं पुण्य आपल्या पदरी, हा कुठला धर्म?

मग मी मेहुण्यांना एवढंच विचारलं, "राव, व्रत तुम्ही घेतलंत. मोत्यानं कधी घेतलं?"

नामदेवांची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. कुत्र्यानं भाकरी पळवली, तर ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले. भाकरी कोरडी आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. भूतदया ती हीच. वैश्वदेवात कुत्र्याचा घास वेगळा काढतात, तोही आपली हौस म्हणून नव्हे, त्याचा वाटा म्हणून.

मेहुण्यांचा आग्रह अगदीच खोटा होता, असंही नाही. मांजराचं मांसाशिवाय भागत नाही, कुत्र्याचं मात्र नीट मोजूनमापून केलेल्या शाकाहारावर भागू शकतं. त्यांनी डॉक्टरांना विचारून मसूर, सोयाबीन, पनीर असं शिजवायला घेतलं. दोन महिने स्वतः तराजू घेऊन बसले. मोत्या थोडा सुधारला. तरी डॉक्टर म्हणाले, अजून हवं. त्या दिवशी मेहुण्यांनी मागच्या पडवीत वेगळी चूल मांडली, वेगळं पातेलं ठेवलं आणि अंडं स्वतःच्या हातानं उकडलं. नंतर आंघोळ करून पूजेला बसले. त्यांचा उपास आजही चालू आहे.

भागवतातल्या अवधूतानं चोवीस गुरू केले. त्या यादीत मासा आहे, अजगर आहे, टिटवीसुद्धा न सुटावी इतके जीव आहेत, पण कुत्रा नाही. तरी दत्तगुरूंच्या पायाशी जागा मिळाली ती त्यालाच. मला वाटतं, आपला नेम आपल्यापुरता कडक ठेवावा आणि दुसऱ्याचं ताट त्याच्या भुकेनं वाढावं, एवढं तरी त्यानं आपल्याला शिकवावं.

यंदा प्रसादाचा शिरा मोत्याला देऊ नका, असं मी बहिणीला कळवलंय. त्याचा प्रसाद पडवीत शिजतोय.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!